इन्स्टॉलेशन दुकानाचं घ्यायचं की आपला मिस्त्री बोलवायचा?

गेल्या दीड वर्षात मी दोन्ही करून बसलोय. आधी नाशिकला पंचवटीतल्या जुन्या घरी आईबाबांचं बाथरूम फोडून नवीन केलं, ते सगळं मिस्त्रीच्या हातून. नंतर पाथर्डी फाट्याला आमचा फ्लॅट झाला, तेव्हा किचन-बाथरूमचं बहुतेक सामान हायवेच्या एका मोठ्या दुकानातून घेतलं आणि काउंटरवरच्या मुलाने विचारलं, "सर, इन्स्टॉलेशन ॲड करू का?" तर म्हटलं कर बाबा, कोण फिरणार त्या प्लंबरच्या मागे. आता ऑफिसात कुणाला पझेशन मिळालं की तो चहाच्या टपरीवर मलाच गाठतो, घेऊ का रे ती सर्व्हिस. प्रत्येकाला तेच तेच सांगून कंटाळा आला म्हणून एकदाच लिहून टाकतो. माझा कल कुठे आहे ते लपणार नाही, पण दोन्हीकडचं खरं सांगायचा प्रयत्न करतो.

पैशांचं आधी उरकतो, कारण सगळे तिथेच अडकतात आणि माझ्या मते तो मुद्दाच नाहीये. दुकानाचा दर नगावर असतो, वर १८ टक्के जीएसटी, आणि तो दर फक्त तयार पॉइंटवर वस्तू लावून देण्याचा. अँगल कॉक, कनेक्शन पाइप, चिमणीच्या डक्टसाठी भिंतीला भोक, जुनी वस्तू काढणं, हे सगळं वेगळं. मिस्त्री नगावर पण घेतो आणि रोजावर पण, बिल देत नाही, आणि सामान आणायला तुम्हाला रविवार कारंज्याजवळच्या त्याच्या ठरलेल्या दुकानातच पाठवतो, तिथं त्याचं काय असतं ते आपल्याला माहीत असतं आणि आपल्याला माहीत आहे हे त्यालाही माहीत असतं. दोन्हीकडची सगळी बेरीज करून पाहिली तर माझ्या बाबतीत फारसा फरक निघाला नाही. तुमच्याकडे निघू शकेल, पण त्यावरून ठरवू नका असं वाटतं.

आता दुकानवाल्यांचं चांगलं काय ते आधी, नाहीतर मी एकतर्फी लिहिलं म्हणाल.

चिमणी. ती लावायला जो माणूस आला तो कंपनीकडूनच पाठवलेला होता आणि त्याला त्याचं काम येत होतं, अगदी शंभर टक्के. शेगडीपासून २८ इंचांवर मार्क केलं. डक्ट खिडकीकडून फिरवून न्यायचं माझं डोकं होतं, म्हणजे भोक पाडायचा खर्च वाचेल, तर तो म्हणाला सर दोन बेंड आले की ओढ कमी होणार आणि आवाज वाढणार, मग मला रोज फोन कराल. सरळ बाहेरच्या भिंतीतून काढला. नंतर मी हेच आमच्या मिस्त्रीला मुद्दाम विचारलं तर ते म्हणाले, "काढला असता की खिडकीतून, दोन एल्बो टाकून." म्हणजे तिथे दुकानाने मला वाचवलं.

गिझरचं तर मी जरा जोर देऊनच सांगतो. पंचवटीच्या घरी मिस्त्रीने जो प्लंबर आणला होता त्याने गिझर लावला, आठ दिवसांनी सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी टपकतंय म्हणून आईने परत बोलावलं, तर पठ्ठ्याने सरळ तिथे प्लग मारून दिला. टपकणं बंद, आई खूश. मी रविवारी जेवायला गेलो तेव्हा बघितलं आणि घामच फुटला. पाणी गरम होताना प्रसरण पावतं, तो वाढलेला दाब त्या व्हॉल्व्हमधूनच बाहेर पडतो, त्याच्या तोंडाला बूच मारणं म्हणजे प्रेशर कुकरची शिट्टी दाबून बसण्यासारखं आहे. मेन स्विच बंद केला, प्लग काढला आणि त्या व्हॉल्व्हला एक नळी लावून खाली ट्रॅपजवळ सोडली. फ्लॅटमध्ये दुकानाकडून जो मुलगा आला त्याने नळी पहिल्यापासूनच लावली आणि १६ अँपिअरचा सॉकेट नसता तर गिझर लावलाच नसता असंही म्हणाला. जानेवारीत नाशिकची थंडी काय असते ते माहितीये ना, गिझर नसला की सकाळी घरात भांडणं होतात, पण म्हणून तो कुणाच्याही हातून बसवू नका.

आणि मोडतोड. दुकानाकडून आलेला लाइटवाला आरसा कोपऱ्यात तडकलेला निघाला, फोटो पाठवला, पाचव्या दिवशी नवीन आला, कुणी वाद घातला नाही. मिस्त्रीकडच्या पोराने पंचवटीत ड्रिल मारताना एक टाइल तडकवली तर उत्तर मिळालं, "ती आधीपासूनच तशी होती भाऊ." आधीपासून कुठली, मी स्वतः मोजून आणलेली. शेवटी आम्हीच उरलेल्यातली एक बसवून घेतली.

इथपर्यंत दुकानच पुढे आहे, बरोबर? आता बेसिनकडे येतो.

खाली ड्रॉवर असलेलं बेसिन घेतलं होतं, हिच्या आवडीचं. स्लॉट मिळाला सकाळी १० ते दुपारी २. मी हाफ डे टाकला. दोन पोरं आली साडेचारला, द्वारका चौकात ट्रॅफिकमध्ये अडकलो म्हणाली, आणि द्वारका म्हटल्यावर नाशिकमध्ये कुणी पुढे काही विचारत नाही. कॅबिनेट भिंतीला लावलं, वर बेसिन बसवलं, नळ जोडला, आणि ड्रॉवर आत ढकलला तर जाईना. भिंतीतला वेस्टचा पाइप बिल्डरने दोन इंच खाली काढलेला, त्यामुळे बॉटल ट्रॅप, म्हणजे बेसिनखालचा तो बाटलीसारखा भाग, नेमका ड्रॉवरच्या पाठीला अडत होता. ड्रॉवरच्या मागच्या फळीला एक खाच मारली की संपला विषय, हे मलासुद्धा कळत होतं. पोरगा म्हणाला, "कटिंग आमच्यात येत नाही सर." बरं, मग कोणाच्यात येतं? "ते कार्पेंटरचं. तुम्ही कस्टमर केअरला सांगा, ते पाठवतील." आणि लगेच पुढचं वाक्य, "सर, मोबाइलवर एक ओटीपी आला असेल, तेवढा सांगा."

हाच तो ओटीपी. ज्यांनी अजून अशी सर्व्हिस घेतली नाही त्यांच्यासाठी सांगतो, काम झालं की तुमच्या मोबाइलवर एक कोड येतो, तो त्या माणसाने त्याच्या ॲपमध्ये टाकला की काम पूर्ण असं नोंदलं जातं. कल्पना चांगली आहे, कागदावर तर गिऱ्हाइकाच्याच बाजूची आहे. पण प्रत्यक्षात काय होतं की पोरगा दारात उभा, पाठीवर बॅग, संध्याकाळचे सहा वाजलेले, त्याला अजून दोन घरं करायचीत, एक सातपूरला आणि एक नाशिक रोडला, म्हणजे शहराची दोन टोकं. तो म्हणतो ओटीपी नाही दिला तर माझी व्हिजिट धरत नाहीत, दिवसाचे पैसे जातात. तो खोटं बोलत नसावा. दुकान काम कॉन्ट्रॅक्टरला देतं, कॉन्ट्रॅक्टर या पोरांना नगावर पैसे देतो, तर त्याच्यावर तरी किती चिडणार? मी पाणी विचारलं, पाणी दिलं, आणि ओटीपीही दिला.

मिनिटभरात मेसेज आला. आपलं काम यशस्वीरीत्या पूर्ण झालं आहे, कृपया पाच तारे द्या. ड्रॉवर माझ्या समोर पलंगावर पडलेला.

दुसऱ्या दिवशी कस्टमर केअर. आधी एक दाबा, मग तीन दाबा, मग एक बाई अत्यंत गोड आवाजात, "सर, सिस्टिममध्ये तुमचं काम पूर्ण दाखवतंय." अहो ताई, ड्रॉवर बाहेर आहे. "सर, पण कोड तुम्हीच शेअर केलाय ना?" आता याला काय उत्तर आहे. नवीन तक्रार टाकायची तर कार्पेंटरची कॅटेगरी निवडा, त्याचे व्हिजिट चार्जेस वेगळे. टाकली. तीन दिवसांनी आला तो परत प्लंबरच, तिसराच कुणीतरी, त्याने ट्रॅपकडे बघितलं, फोटो काढला, म्हणाला हे तर कटिंगचं काम आहे, आणि विश्वास ठेवा, त्यानेही ओटीपी मागितला. या वेळी नाही दिला. तर ती तक्रार "ग्राहक उपलब्ध नव्हता" म्हणून बंद झाली. मी समोर सोफ्यावर बसलेलो होतो हो!

तो ड्रॉवर एकोणीस दिवस बेडरूममध्ये होता. हिने त्यात टॉवेल ठेवायला सुरुवात केली होती. एकोणिसाव्या दिवशी पंचवटीच्या मिस्त्रींना फोन केला, त्यांना आम्ही सगळे नानाच म्हणतो, ते स्कूटरवर आले, ट्रॅपचं माप घेतलं, जिगसॉने फळीला खाच पाडली, कापलेल्या कडेला पाणी लागून फुगू नये म्हणून थोडं सिलिकॉन फिरवलं, ड्रॉवर आत. वीस-पंचवीस मिनिटं. चहा घेताना त्यांचं लक्ष आरशाकडे गेलं, हलवून बघितला, आणि बोटाच्या पेराने भिंतीवर टकटक केलं. "ही सिपोरेक्स आहे ना? हिला खोक्यातले प्लग चालत नाहीत, लांब नायलॉनचे लागतात. आणि हॅमर बंद करून ड्रिल मारायचं, नाहीतर भोक मोठं होतं न् प्लग फिरत बसतो." दुकानाच्या पोरांनी आरशासोबत खोक्यात आलेलेच प्लग ठोकले होते, आरसा हाताने हलत होता. नानांनी तोही नीट केला. आजकाल आपल्याकडच्या बऱ्याच नव्या इमारतींत भिंती या हलक्या ब्लॉकच्याच असतात, तेव्हा कुणाकडूनही काम करून घ्या, भिंत कसली आहे हे त्याने ड्रिल काढायच्या आधी विचारलं का, एवढं बघा. माझ्यासाठी माणूस ओळखायची ती एक खूण झालीये.

नाना काही देवमाणूस नाहीत. "उद्या सकाळी येतो" याचा अर्थ त्यांच्याकडे या आठवड्यात असा होतो. त्यांचा दिंडोरीकडे द्राक्षाचा प्लॉट आहे, ऑक्टोबरात गोडी छाटणी निघाली की माणूस फोनच उचलत नाही, आणि एप्रिलमध्ये खरड छाटणी, तेव्हाही तेच, मध्ये चैत्रात वणीला गडावर जाऊन येतात ते वेगळं. पंचवटीचं बाथरूम बारा दिवसांत देतो म्हणाले होते, एक महिना लागला, त्यात आई शेजारच्या काकूंकडे आंघोळीला जायची आणि रोज मला फोन करून ऐकवायची. सिमेंटची धूळ देवघरापर्यंत गेली होती. दुकानाची पोरं निदान जाताना झाडून गेली, हे त्यांचं मान्य करायलाच पाहिजे.

पण फरक कुठे पडतो सांगू, नानांच्या कामात शेवटचे पैसे माझ्या खिशात असतात. पंचवटीला तीन हप्ते ठरले होते, तिसरा सगळं झाल्यावर. बेसिनखाली एक सांधा पाझरत होता, मी म्हटलं नाना तेवढं बघा मग हिशोब करू, दोन दिवसांनी आले पण आले, टेफ्लॉन टेप काढून परत गुंडाळली, कोरडा कागद खाली ठेवून अर्धा तास बसून राहिले, कागद ओला झाला नाही तेव्हा उठले. माझा ओटीपी म्हणाल तर तो कागद. दुकानात पैसे पहिल्याच दिवशी बिलासोबत गेलेले असतात, आणि मग आपल्या हातात उरतो तो चार आकडी कोड, जो आपण एका दमलेल्या पोराच्या तोंडाकडे बघून देऊन टाकतो.

आता कुणी म्हणेल कोड द्यायचाच नाही, कडक राहायचं. जमत असेल तर उत्तमच, मला नाही जमलं. तरी दुकानाचीच सर्व्हिस घेणार असाल तर एवढं करा, काउंटरवरच लिहून मागा की कटिंग, कोर कट म्हणजे भिंतीला गोल भोक, जुनं काढणं यातलं काय धरलंय. पाइपच्या तोंडाची उंची टेपने मोजून फोटोसकट दाखवा. आणि काम अर्धवट असेल तर कोड न देता तिथल्या तिथे व्हिडिओ काढून त्याच दिवशी ईमेल टाका. अगदीच कुणी दाद देईना तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर आहे. मी काही तिथपर्यंत गेलो नाही, तोवर नाना येऊन गेले होते.

तर माझी वाटणी साधारण अशी झालीये, तुमची वेगळी असू शकते. चिमणी, गिझर, एसी, जिथे कंपनीचा स्वतःचा माणूस येतो आणि वॉरंटीचा प्रश्न असतो, तिथे दुकान किंवा कंपनी, डोळे झाकून. पाइप गॅस असेल तर त्या पाइपला दोघांपैकी कुणीच हात लावायचा नाही, गॅस कंपनीचाच माणूस. बाकी जिथे वस्तू भिंतीला, फरशीला, बिल्डरच्या चुकीला जुळवून घ्यायची असते, म्हणजे बेसिन, कॅबिनेट, दरवाजे, आरसे, पडद्याचे रॉड, शॉवर, टाइल, ते सगळं नाना. पूर्ण नवं कोरं घर असेल, सगळे पॉइंट मापात असतील, आणि तुम्ही पुण्या-मुंबईला नोकरीला असून फक्त शनिवार-रविवार नाशकात असाल, तर मात्र दुकान सोयीचं पडेल हे खरंय, नानांच्या तारखा तुम्हाला झेपणार नाहीत.

मागच्या महिन्यात गॅलरीसाठी डासांच्या जाळीचा सरकता दरवाजा घेतला, त्याच दुकानातून, कारण माल त्यांच्याकडे खरंच चांगला असतो. काउंटरवरच्या मुलाने परत विचारलं, इन्स्टॉलेशन ॲड करू का सर. नको म्हटलं. सध्या तो दरवाजा खोक्यासकट गॅलरीत उभा आहे, संध्याकाळी खिडक्या लावून बसतोय, आणि ही रोज विचारते नाना कधी येणार. छाटणी चालू आहे, दिवाळीच्या आत येतो म्हणालेत.