बिल सस्पेन्शनचं, काम स्प्रे-पेंटचं

बाबा स्कूटर दुरुस्तीला टाकायचे ते पुण्याच्या नाना पेठेतून पार्ट स्वतः आणून, आणि काम होईपर्यंत मिस्त्रीच्या शेजारी स्टूल टाकून. उठताना जुनी क्लच प्लेट, झिजलेला बुश, तुटकी स्प्रिंग, सगळं वर्तमानपत्रात गुंडाळून घरी. ‘बदललं म्हणतोस, तर जुनं दाखव’ एवढंच म्हणणं. मला तिथे उभं राहायची लाज वाटायची. इंग्लंडात आल्यावर वाटलं, सुटलो. इथे छापील बिल मिळतं, कशाला कोणावर संशय घ्या?

त्या सुटकेचे 2,150 पौंड पडले.

गाडी 1999ची मझदा एमएक्स-5. मॉडेलला दहा वर्षं झाली म्हणून मझदाने निळ्या रंगात 7,500 गाड्या काढल्या होत्या, त्यातली एक. सहा गिअर, आणि कारखान्यातूनच बसवलेले बिलस्टीन कंपनीचे पिवळे शॉकअप. सस्पेन्शन एका दिवसात मरत नाही, म्हणून मालकाला कळत नाही. सांध्यांतले रबरी बुश कडक होऊन चिरतात, दणका झेलणाऱ्या बंपस्टॉपच्या फोमचा भुगा होतो, आणि आपण रस्त्याला नावं ठेवत राहतो. मला कळलं ते एमओटीच्या, म्हणजे इथल्या वार्षिक तपासणीच्या कागदावरून: मागच्या खालच्या आर्मचा, म्हणजे चाक गाडीला जोडणाऱ्या लोखंडी दांड्याचा, बुश झिजलाय.

जवळच्या गॅरेजवाल्याने सगळंच नवं करू म्हटलं. सगळे बुश, टॉप माउंट, लिंक रॉड, चार नवे बिलस्टीन आणि शेवटी अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. 400 पौंड आगाऊ दिले क्रेडिट कार्डाने. उरलेले देताना म्हणे मशीन बंद आहे, बँकेतून पाठवा. पाठवले.

गाडी घ्यायला गेलो तर आर्म काळेभोर, चकचकीत. शॉकअप पिवळेधमक. अलाइनमेंटच्या कागदावर सगळे आकडे हिरवे. जुने पार्ट? ‘कालच भंगारात गेले.’ मी म्हणालो, नो प्रॉब्लेम. वर थँक यूसुद्धा.

आणि गाडी खरंच बरी चालत होती, हे कबूल करतो. पंचवीस वर्षं झिजलेल्या शॉकअपनंतर कसलाही नवा शॉकअप लावा, आठवडाभर स्वर्गच वाटतो. ‘चालवून पाहिली, छान वाटली’ याला म्हणूनच काही अर्थ नाही.

आठ महिन्यांनी पुढची एमओटी. कागदावर तीच ओळ. तोच आर्म, तोच बुश.

दुसऱ्या गॅरेजमधल्या म्हाताऱ्या मेकॅनिकने गाडी वर उचलली, नखाने आर्म खरवडला. काळ्या रंगाखाली गंज. मग त्याने मला एक लांब बोल्ट दाखवला, तेवढा नीट समजून घ्या. या गाडीत कॅम्बर आणि टो, म्हणजे चाकाचा उभा कल आणि दिशा, जुळवायचा तो खालच्या आर्मच्या बोल्टवरच्या, भोक मधोमध नसून एका बाजूला असलेल्या वॉशरने. बोल्ट फिरवला की आर्म आत-बाहेर सरकतो. पण इथलं मीठ टाकलेल्या रस्त्यांचं पाणी आत जातं आणि बोल्ट बुशच्या आतल्या लोखंडी नळीला गंजून चिकटतो. पुष्कळदा करवतीने कापावा लागतो. बुश बदलायचा तर हा बोल्ट निघालाच पाहिजे. माझे आठही बोल्ट कारखान्यातले, जाम. म्हणजे बुश बदललेच नव्हते. आणि बोल्ट हलतच नाहीत म्हटल्यावर ते हिरवे आकडे कुठून आले? कागद पुन्हा पाहिला, तर त्यावर गाडीचा नंबरच नव्हता. कुणाच्या गाडीचा होता देव जाणे.

शॉकअपवर बिलस्टीनचा पार्ट नंबर नव्हता. पिवळ्या रंगाखाली काळा रंग निघाला. कुठलेतरी बिननावाचे, स्प्रे मारलेले. माझे मूळ बिलस्टीन सील आणि गॅस बदलून पुन्हा नवे करता आले असते, त्यांना गिऱ्हाईकही असतं. ते भंगारात गेले यावर माझा विश्वास नाही.

गॅरेजवाला आधी हसला, मग फोन उचलेना. 2015च्या कंझ्युमर राइट्स अ‍ॅक्टचा हवाला देऊन, म्हाताऱ्याचा लेखी अहवाल आणि फोटो जोडून पत्र पाठवलं, उत्तर नाही. सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, ते ती ट्रेडिंग स्टँडर्ड्स या फसव्या व्यापाऱ्यांवर कारवाई करणाऱ्या सरकारी खात्याकडे पोचवतात. पैसे मात्र आले ते त्या 400 पौंडांमुळे. 1974च्या कंझ्युमर क्रेडिट अ‍ॅक्टचं कलम 75 सांगतं की 100 पौंडांहून जास्त आणि 30,000 पर्यंतच्या व्यवहारात थोडी रक्कम जरी क्रेडिट कार्डाने दिली, तरी विकणाऱ्याइतकीच कार्ड कंपनीही जबाबदार, आणि तेही पूर्ण रकमेला. सात आठवडे पत्रापत्री झाली, पण मिळाले. ती ‘बंद मशीन’ आगाऊ रकमेच्या दिवशीही बंद असती तर मी हात चोळत बसलो असतो.

काम पुन्हा म्हाताऱ्याकडूनच करून घेतलं. या वेळी स्टूल टाकून बसलो. बोल्ट कापताना ठिणग्या उडाल्या, जळक्या रबराचा वास शर्टाला दोन दिवस होता. नवे बुश बसवल्यावर त्याने बोल्ट लगेच आवळले नाहीत. गाडी चाकांवर, तिच्या नेहमीच्या उंचीला आणली आणि मग आवळले. चाकं लोंबकळत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. हे काम कुणाला देणार असाल तर आधी हाच प्रश्न विचारा, बोल्ट कधी आवळणार? उत्तर देताना जो अडखळेल त्याच्याकडून किल्ली परत घ्या. आणि गाडी देण्याआधी जुन्या आर्मवर, शॉकअपवर रंगाचा एक ठिपका कुठेतरी आत करून ठेवा, फोटोसह.

मी ठिपका केला नव्हता. पण मागच्या डाव्या शॉकअपवर माझ्याच पान्याचा एक आडवा ओरखडा होता. ऑनलाइन कुणी जुने पिवळे बिलस्टीन विकायला काढले की मी अजून फोटो मोठा करून तो शोधतो.