कवितेची बांधणी शिकवणारा कार्डसंच: तिसरी ते पाचवीसाठी

प्राथमिक वर्गात कविता शिकवताना आपण बहुतेक वेळा चालीवर म्हणून घेतो, शब्दार्थ सांगतो आणि प्रश्नोत्तरांकडे वळतो. ती कविता बांधली कशी आहे, हा प्रश्न माध्यमिक वर्गांतील व्याकरणासाठी राखून ठेवतो. ही उणीव भरून काढण्याच्या उद्देशाने तयार केलेला एक मराठी कार्डसंच आमच्या शाळेने घेतला आणि मी तो चौथीच्या वर्गात वापरला. त्यात चौकटी आखलेली कार्डे, अलंकारांची एक पुस्तिका आणि क्यूआर कोडद्वारे ऐकता येणारी काव्यवाचने आहेत.

संचाचा सर्वांत मोलाचा भाग म्हणजे अभंगाची कार्डे. मोठ्या अभंगाचे चार चरण असतात, पहिल्या तिघांत प्रत्येकी ६ आणि चौथ्यात ४ अक्षरे असतात, तर यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाच्या शेवटी जुळते, ही माहिती कोणत्याही व्याकरणाच्या पुस्तकात मिळते. येथे मात्र ती आधी सांगितलेली नाही. मुलांना रिकाम्या चौकटी मिळतात आणि ‘सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवोनिया’ हे तुकोबांचे चरण एका चौकटीत एक अक्षर याप्रमाणे भरायचे असतात. ‘ध्यान’पाशी जवळजवळ प्रत्येक गट अडतो, कारण जोडाक्षराला दोन चौकटी लागतील असे मुलांना वाटते, चौकटी अपुऱ्या पडल्या की ‘ध्या’ हे एकच अक्षर धरायचे, हे त्यांचे त्यांनाच उमगते. मग ‘विटेवरी’ आणि ‘कटावरी’ यांखाली एकाच रंगाची रेघ ओढली जाते आणि नियम मुलांच्या तोंडून येतो. छंदाची ओळख करून देण्याची याहून चांगली रीत मी प्राथमिक स्तरावर पाहिलेली नाही.

ओवीचे प्रकरण मात्र घाईने उरकले आहे. ग्रंथांतील साडेतीन चरणांची ओवी आणि जात्यावर गायली जाणारी ओवी यांच्या रूपांत फरक असतो, याचा उल्लेखही नाही.

अलंकारांच्या पुस्तिकेबद्दल माझा आक्षेप गंभीर आहे. ‘सारखा, सम, जसा’ यांपैकी शब्द दिसला की उपमा आणि ‘जणू’ दिसला की उत्प्रेक्षा, अशी ओळखण्याची युक्ती तिने दिली आहे. परीक्षेत ती उपयोगी पडेलही, परंतु नऊ वर्षांच्या मुलाला ती चुकीच्या वाटेने नेते, कारण ‘मला तुझ्यासारखी पेन्सिल हवी’ या वाक्यातही ‘सारखी’ आहे आणि तेथे कोणताही अलंकार नाही. उपमेत दोन निराळ्या वस्तू लागतात आणि दोघींत काय समान आहे ते सापडावे लागते. मुलाने शोधायचे ते हे साम्य, आणि साम्यवाचक शब्द हा केवळ त्याचा माग. म्हणून पुस्तिका बाजूला ठेवून मी फळ्यावर ‘आईची माया सागरासारखी आहे’, ‘आईची माया म्हणजे जणू सागरच’ आणि ‘आई म्हणजे मायेचा सागर’ अशी तीन वाक्ये लिहिली व प्रत्येकात आई सागराच्या किती जवळ गेली, एवढेच विचारले. उपमा, उत्प्रेक्षा आणि रूपक ही नावे त्यानंतर दिली. चेतनगुणोक्ती, म्हणजे निर्जीव वस्तू सजीवासारखी वागते असे वर्णन, मुळी शिकवावीच लागत नाही. वारा खोड्या काढतो आणि पाऊस रुसतो, हे या वयातली मुले आपण होऊनच बोलतात, आणि पुस्तिकेने नेमका हाच अलंकार सर्वांत शेवटी ठेवावा, याचे वाईट वाटते. तो पहिला हवा.

ध्वनिमुद्रणांत वाचकाचा आवाज स्वच्छ आहे, परंतु पार्श्वसंगीत इतके मोठे आहे की चरणांतील यती, म्हणजे वाचताना घ्यायचा विराम, ऐकू येत नाही. मी स्वतःच वाचून दाखवणे पसंत केले.

शेवटी कोऱ्या चौकटींची पाने आहेत, त्यांत मुलांनी स्वतःचा अभंग रचायचा असतो. एका गटाने ‘पावसाचे थेंब, पत्र्यावरी येती, नाचुनिया जाती’ असे तीन चरण जमवले आणि चौथ्यासाठी ‘अंगणामध्ये’ लिहिले. अक्षरे पाच झाली. बराच वेळ वाद घालून त्यांनी ‘अंगणात’ केले. ही पाने फारच थोडी आहेत आणि स्वतंत्रपणे विकत मिळत नाहीत. प्रकाशकांनी पुढच्या आवृत्तीत ती वाढवावीत आणि अलंकार नसलेल्या वाक्यांचीही काही कार्डे घालावीत. तोवर हा संच घेणाऱ्या शिक्षकांनी अभंगाची कार्डे जशीच्या तशी वापरावीत आणि अलंकारांसाठी उदाहरणे स्वतः तयार करावीत.