मण्यावर फुलांच्या चकत्या: चिमट्याने लावाव्यात की तापवून उचलाव्यात?

टॉर्चवर, म्हणजे गॅसच्या ज्योतीवर, काचेचे साधे गोल मणी नीट जमायला लागले की बहुतेकांचं मन मिलेफिओरीच्या चकत्यांकडे वळतं. वेगवेगळ्या रंगांच्या काचेची जाड कांडी ओढून बारीक केलेली असते. तिचे आडवे काप केले की प्रत्येक कापात तेच फूल येतं. रोमन काळातलं हे तंत्र मुरानोच्या कारागिरांनी १९व्या शतकात पुन्हा उभं केलं, आणि आजही चांगल्या चकत्या तिथल्याच मऊ काचेच्या असतात. या काचेचा प्रसरणांक, म्हणजे तापल्यावर ती किती फुगते याचं माप, १०४ धरला जातो. मणीही १०४च्याच काचेचा हवा. बुल्सआय कंपनीची काच ९० ची आणि बोरोसिलिकेट ही कडक काच ३३ ची. यांची सरमिसळ केली तर मणी थंड होताना किंवा काही दिवसांनी तडकतो.

चकती मण्यावर नेण्याचे मुख्य मार्ग दोन. एकात चकती चिमट्यात धरून ज्योतीच्या कडेला शेकतात आणि एकेक करून मण्यावर दाबतात. दुसऱ्यात चकत्या भट्टीत किंवा गरम पत्र्यावर ५०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून मांडतात आणि गरम मणी त्यांच्यावरून फिरवून त्या उचलतात. बडोद्यात घरच्या एका खोलीत छोटा टॉर्च लावून बसणाऱ्याला मी चिमट्याची पद्धतच सुचवेन. दुसरी पद्धत वाईट आहे असं नाही. ती वेगळ्या मण्यासाठी आहे.

चिमट्याने लावताना प्रत्येक फूल कुठे बसणार आणि त्याचं तोंड कुठे असणार, हे तुम्ही ठरवता. १२-१४ मिलिमीटरच्या मण्यावर ५ मिलिमीटरच्या तीन चकत्या समान अंतरावर बसवायच्या असतील तर दुसरा इलाज नाही. थंड चकती एकदम ज्योतीत नेऊ नका, ती फुटून उडते. ज्योतीच्या टोकाच्याही पलीकडे ती हलवत राहा आणि हळूहळू जवळ आणा. इकडे मण्यावरची तेवढीच जागा लाल होईपर्यंत तापवा. चकती एका कडेने टेकवा आणि मग सपाट दाबा. सरळ वरून ठेवली तर खाली हवा अडकते आणि फुलाखाली बुडबुडा दिसतो. मग ग्रॅफाइटच्या पट्टीने दाबून मणी ज्योतीच्या वरच्या भागात फिरवत राहा, चकती आपोआप आत बसते. इथे घाई केली की पाकळ्या पसरतात आणि कडा धूसर होतात. त्यावर पारदर्शक काचेचा एक ठिपका चढवला तर फूल थोडं मोठं दिसतं आणि त्याला थेट आच लागत नाही. माझ्या मते चकतीच्या मण्याचं सगळं सौंदर्य या ठिपक्यात आहे. तो गाळू नये.

तापवून उचलण्याच्या पद्धतीत काम भराभर होतं. अख्खा मणी फुलांनी झाकायचा असेल तर हीच योग्य. पण फुलं जिथे चिकटतील तिथे चिकटतात, काही तिरकी बसतात, मधल्या फटी भरायला बारीक काच लागते. मुख्य अडचण तापमानाची. चकत्या पुरेशा तापलेल्या नसतील तर मणी टेकताच त्या तडकतात. काचेचा बारीक चुरा थंडच उचलता येतो म्हणून चकत्याही येतील असं समजू नका. दरवाजातून मणी आत ठेवता येणारी छोटी भट्टी असेल तर हिशोब बदलतो. मणी निववायला, म्हणजे हळूहळू थंड करून काचेतला ताण घालवायला, ती ५१५ अंशांच्या आसपास चालूच असते, तिच्याच तोंडाशी चकत्या मांडता येतात आणि तिथून एकेक चिमट्याने उचलली की शेकण्याचा वेळ वाचतो. भट्टी असलेल्यांनी हा मधला मार्गच धरावा.

तिसरा मार्गही सांगितला जातो: अखंड कांडीचं टोक तापवून मण्यावर टेकवायचं आणि ज्योतीने तोडायचं. तोडताना वरचं तोंड ओढलं जातं आणि फूल आवळतं. मी तो विचारातही घेत नाही.

चकत्या निवडताना मणी कुठे वापरणार हे आधी ठरवा. नवरात्रात गरब्याच्या चनिया-चोळीवरच्या माळेतला मणी दोन हात लांबून दिसायला हवा. तिथे पांढऱ्या-लाल किंवा पिवळ्या-निळ्या ठळक चकत्या, गडद मणी आणि चिमट्याने लावलेली मोजकी फुलं. गच्च भरलेला मणी लांबून नुसता करडा वाटतो. तो कानातल्यात किंवा अंगठीत खुलतो. हस्तिदंती रंगाच्या मण्यावर फिरोजी चकती लावली तर दोन्हींच्या सीमेवर तपकिरी रेष उमटते. ती हवी असेल तरच ही जोडी घ्या.

बडोद्याच्या मंगळ बाजारात मिळणारे मणी-काप, किंवा फिरोजाबादहून आलेल्या कांड्या स्वस्त पडतात, पण प्रसरणांक सांगणारं कोणी नसतं. वापरण्याआधी त्या काचेची आणि तुमच्या काचेची टोकं शेजारी-शेजारी वितळवून एकत्र धागा ओढा. थंड झाल्यावर धागा सरळ राहिला तर जोडी जमते. वाकला तर नाही.

मे महिन्यात इथे पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा पंख्याचा मोह होतो, पण टॉर्चसमोर पंखा नको. त्याने ज्योत हलते आणि शेकलेली चकती गार होते. पहाटे काम करा, दूषित हवा बाहेर खेचणारा पंखा मागच्या भिंतीत लावा. तापलेल्या काचेतल्या सोडियमचा पिवळा झगझगाट अडवणारा डिडिमियमचा चष्मा दोन्ही पद्धतींत लागतोच. आणि चकती लावलेला मणी साध्या मण्यापेक्षा जास्त ताण घेतो, त्यामुळे तो नुसता गरम राखेत किंवा वर्मिक्युलाइटमध्ये (उष्णता धरून ठेवणाऱ्या हलक्या खनिजात) गार करून विकायला ठेवू नका. भट्टी नसेल तर मणी साठवा आणि तापमान-नियंत्रक असलेल्या एखाद्या स्टुडिओच्या भट्टीत एकदम निववून घ्या.