‘तुमचं चित्र विकलं गेलंय, आधी टॅक्स भरा’ : चित्रकारांनो, हा फोन आला तर एक रुपयाही पाठवू नका

कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडच्या चित्रकारांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सध्या ‘मुंबईत भव्य ग्रुप शो, मोजक्याच जागा शिल्लक’ असा मेसेज फिरतोय. पाठवणारा स्वतःला क्युरेटर म्हणवतो. याच माणसाने माझ्याकडून ३४,००० रुपये उकळले आणि माझी तीन जलरंगातली चित्रं गिळली. फ्रेमिंगचे ७,२०० आणि ट्रान्सपोर्टचे २,४०० धरले तर ४३,६०० रुपये. चित्रांची किंमत त्यात धरलेली नाही.

‘पैसे भरलेतच कशाला?’ असं विचारणाऱ्यांना आधी सांगते. ग्रुप शोला पैसे भरावे लागतात, यात नवीन काही नाही. इथे कोल्हापुरात शाहू स्मारकच्या कलादालनात आम्ही मिळून प्रदर्शन भरवतो, तेव्हा भाडं, निमंत्रणपत्रिका, उद्घाटनाचा चहा, सगळं वर्गणी काढूनच होतं. त्यामुळे त्याने १०,००० अधिक १८ टक्के जीएसटी असे ११,८०० मागितले, तेव्हा मला ते वावगं वाटलं नाही. वर कॅटलॉगचे ३,५००. तो काही अनोळखी नंबरवरून उपटला नव्हता. आमच्यातल्याच एका चित्रकाराने त्याची ओळख करून दिली होती, आणि त्या बिचाऱ्याचेही पैसे बुडालेत. आमच्या प्रदर्शनात या क्युरेटरने माझं चित्र खरंच पाहिलेलं होतं. “ताई, तुमचा संध्यामठ मुंबईच्या लोकांनी बघायलाच पाहिजे,” असं म्हणाला. रंकाळा तलावाचं पाणी उतरल्यावर उघडा पडणारा संध्यामठ मी वर्षानुवर्षं काठावर बसून रंगवत आले आहे. त्याला नेमकं कुठे बोट ठेवायचं ते ठाऊक होतं.

तारीख म्हणे दोन महिन्यांवरची, काळा घोड्याजवळच्या नामांकित दालनातली. जहांगीर आर्ट गॅलरीसारख्या दालनाची तारीख मिळायला चित्रकार वर्षं वर्षं थांबतात, अर्ज थेट दालनाकडे जातो, कामं बघून निवड होते. हे मला माहीत होतं आणि मी ते त्याला विचारलंही. “एका बंगाली आर्टिस्टचं कॅन्सल झालं, म्हणून मिळाली,” असं उत्तर आलं. अशा तारखा सुटतात, ऐकलेलं आहे. म्हणूनच ते पटलं. पण दालनाचा फोन नंबर कुणालाही मिळतो. अमुक तारखेला कोणाचं प्रदर्शन आहे, एवढं विचारायला दोन मिनिटं पुरतात. तुम्ही विचारा.

आणि पावती नीट वाचा. माझ्या पावतीवर पत्ता अंधेरीचा आणि जीएसटी नंबर ०९ ने सुरू होणारा. महाराष्ट्राचे नंबर २७ ने सुरू होतात, ०९ उत्तर प्रदेशचा. कोणताही जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर फुकट तपासता येतो. शिकवणी घेऊन पोट भरणाऱ्या बाईला हे कोण सांगणार होतं? पावतीवर ‘फाउंडेशन’, आणि क्यूआर कोड स्कॅन केल्यावर फोनवर आलेलं नाव मात्र भलत्याच कुणाचं तरी. “अकाउंटंटचं खातं आहे ताई,” म्हणाला.

उद्घाटनाला मी गेले नाही, कारण माझ्या शिकवणीतल्या मुलांची इंटरमीजिएटची चित्रकला परीक्षा तोंडावर होती आणि त्यांना वाऱ्यावर सोडून जाणं मला शक्य नव्हतं. हे मी त्याला आधीच बोलले होते. त्याने तारीख त्यावरूनच पक्की केली असं आता माझं ठाम मत आहे.

त्या संध्याकाळी त्याने फोटो पाठवला. पांढरीशुभ्र भिंत, वरून दिव्यांचा प्रकाश आणि मधोमध माझा संध्यामठ. मी तो लगेच स्टेटसला ठेवला. अभिनंदनाचे मेसेज रात्रभर येत होते, माझ्या शाळेतल्या बाईंचासुद्धा आला. तो फोटो आज मोठा करून बघितला की अंगाची लाही लाही होते. चित्राच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात, पाण्यावर, एक तिरकी काळसर रेघ आहे आणि तिच्यावर एक छोटा ठिपका. ती माझ्या गच्चीवरच्या कपडे वाळत घालायच्या दोरीची सावली आहे, ठिपका तिला लावलेल्या चिमट्याचा! निवडीसाठी मी त्याला मोबाइलवर जो फोटो पाठवला होता, तोच त्याने रिकाम्या भिंतीच्या फोटोवर चिकटवला. मी पाठवलेल्या चित्राला पांढरा माउंट होता, काळी बारीक फ्रेम होती, काच होती. त्या फोटोत यातलं काहीच नाही. रंगांतला केसाएवढा फरक ओळखणारी माझी नजर, आणि ती बंद हॉलमधल्या उन्हाच्या सावलीवरून घसरून गेली. पण आनंदाने डोळे भरलेले असताना कोण कोपरे तपासत बसतं? तुम्ही तपासा. फोटोवर समाधान मानू नका, व्हिडिओ कॉल लावून दालनभर फिरवायला सांगा, मुंबईतल्या कुणा नातेवाइकाला पाठवा.

दोन दिवसांत फोन आला. संध्यामठ विकला गेला, ८५,००० ला, दुबईच्या एका गृहस्थांनी घेतला. फक्त १२ टक्के जीएसटी, म्हणजे १०,२०० आधी भरायचे, ते पेमेंटबरोबर परत मिळतील. तेव्हा चित्रांवर १२ टक्केच होता, आता ५ आहे, त्यामुळे आकडा खरा वाटला. नंतर परदेशातून पैसे येणार म्हणून ‘बँक क्लिअरन्स’चे ८,५००. पुढे फोन बंद. जीएसटी गिऱ्हाईकाच्या बिलात लागतो. विकलेल्या चित्राचे पैसे चित्रकाराकडे येतात, चित्रकाराकडून जात नाहीत. कमिशन असेल तर ते त्यातूनच कापतात.

शेवटी मी स्वतः त्या दालनात फोन लावला. त्या आठवड्यात तिथे एका शिल्पकाराचं एकल प्रदर्शन होतं. या माणसाचं नावही त्यांनी ऐकलेलं नव्हतं.

आता पोलिसांचं सांगते, कारण चोरापेक्षा जास्त मनस्ताप मला तिथे झाला. पहिलं वाक्य : “मॅडम, हे सिव्हिल मॅटर आहे.” दुसरं : “मुंबईत घडलंय, तिकडे जा.” तिसरं : “चित्रं तुम्ही स्वतःच पाठवलीत ना?” मी चित्रांची किंमत लिहिली तर समोरचे साहेब म्हणाले, “कागदाचं आणि रंगाचं बिल आणा, तेवढी धरू.” तीस वर्षांच्या हाताचं बिल कुठल्या दुकानात मिळतं, मला सांगा! ट्रान्सपोर्टवाले म्हणतात, माल कोणी उतरवून घेतला ते पोलिसांचं पत्र असेल तरच सांगू. पोलीस म्हणतात, ट्रान्सपोर्टवाल्यांकडून लेखी आणा, मग पत्र देऊ. बँकेत गेले तर, “पैसे तुम्हीच पिन टाकून पाठवलेत, आम्ही काय करणार?” १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार घेतली, नंबर मिळाला, पण तोवर खातं रिकामं झालं होतं. त्यात अडकवून ठेवता आले ते १,१४० रुपये. तेही अजून माझ्या हातात नाहीत. पैसे गेल्याचं कळताच त्याच तासात १९३० लावा. मी पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून राहिले, तेवढ्यात तो मोकळा झाला.

आमच्या एका कला संघटनेच्या पदाधिकाऱ्यांना भेटले, तर त्यांचं म्हणणं, “बाहेर फार बोलू नका, कोल्हापूरच्या कलाकारांचं नाव खराब होतं.” अबालाल रहिमानांसारख्या थोर चित्रकाराच्या गावात चित्रकाराला लुबाडलं तर चालतं, बोललेलं चालत नाही? मी बोलणार.

एका ओळखीच्या वकिलांनी नंतर सांगितलं की गुन्हा कुठेही घडलेला असो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे कोणत्याही ठाण्यात तक्रार नोंदवता येते. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं ३१८ लागतं, विश्वासाने सोपवलेली वस्तू हडपली तर ३१६. ठाण्यात नोंदवून घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवता येतं. ठाण्यातल्या एकानेही यातलं अवाक्षर काढलं नाही.

चित्रं कधीही ‘गोडाऊन’च्या पत्त्यावर पाठवू नका, मी तिथेच अडकले. द्यायची तर दालनात, आणि नाव, माध्यम, आकार, किंमत लिहिलेल्या यादीवर सही-शिक्का घेऊनच.

माझा पोलीस अधीक्षकांसाठीचा अर्ज तयार आहे. एकटीच्या अर्जाला काय किंमत मिळते ते पाहिलंय. ज्यांनी ज्यांनी ११,८०० भरलेत त्यांनी पावती, यूपीआयचा स्क्रीनशॉट आणि ट्रान्सपोर्टची बिल्टी, म्हणजे माल पाठवल्याची पावती, काढून ठेवा, त्याच्याशी झालेले चॅट डिलीट करू नका, आणि लाज न बाळगता मला कळवा. अर्जावर जितक्या सह्या होतील तितक्या घेऊन पुढच्या सोमवारी मी जाणार आहे.