गुणांचा तक्ता की प्रसंगांची वही?

नव्या सॉफ्टवेअर प्रणालीच्या आर्किटेक्चरला, म्हणजे मूळ रचनेला, हात घालण्यापूर्वी तिच्याकडून विश्वासार्हता, वेग अशा कोणत्या गुणांची अपेक्षा आहे, हे लिहून काढण्याचे दोन मार्ग आपल्या व्यवसायात रूढ आहेत. एक म्हणजे आयएसओ/आयईसी २५०१० या सॉफ्टवेअर गुणवत्तेच्या आंतरराष्ट्रीय मानकातील गुणांचा तक्ता समोर ठेवून एकेका ओळीपुढे प्राधान्य भरत जाणे. दुसरा मार्ग कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटने रुजवला असून, त्यात प्रत्येक अपेक्षा एका प्रसंगाच्या, म्हणजे सिनॅरिओच्या रूपात लिहिली जाते. मी दोन्ही वापरून पाहिले आहेत आणि आता एकाकडे झुकलो आहे. मात्र हा कल माझ्या कामाच्या स्वरूपामुळे असू शकतो, हे आधीच मान्य करतो.

तक्त्याचा मोठा गुण असा की तो काही विसरू देत नाही. २०११च्या आवृत्तीत आठ गुण आणि त्यांखाली ३१ उपगुण होते. २०२३मध्ये सेफ्टी हा नववा गुण आला, युजेबिलिटीचे (वापरसुलभतेचे) नाव इंटरॅक्शन कपॅबिलिटी झाले आणि पोर्टेबिलिटीचे (प्रणाली दुसऱ्या सर्व्हरवर वा वातावरणात हलवता येण्याचे) फ्लेक्झिबिलिटी. निविदेत किंवा लेखापरीक्षकासमोर ही परिभाषा निर्विवाद चालते. (मराठीतून चर्चा करताना सेफ्टी आणि सिक्युरिटी या दोन्हींना आपण सुरक्षाच म्हणतो, त्यामुळे बैठकीत इंग्रजी शब्दांवाचून गत्यंतर राहत नाही.)

माझे मन तक्त्यावरून उडाले ते एका पतसंस्थेच्या कामात. गुणांची यादी व्यवस्थापकांसमोर ठेवली, तेव्हा त्यांनी जवळजवळ प्रत्येक ओळीपुढे ‘उच्च’ असे लिहिले, आणि त्यात त्यांची चूक नव्हती, कारण ‘तुम्हाला विश्वासार्हता हवी का’ या प्रश्नाला ‘मध्यम’ असे उत्तर कोण देईल? सर्वांनी माना डोलावल्या, आम्ही उपलब्धतेपुढे ९९.९ टक्के हा आकडा टाकला आणि कागदावर सह्या झाल्या. पुढे ३१ मार्चच्या संध्याकाळी, पिग्मी एजंट दिवसाचा भरणा चढवत असतानाच डेटाबेस सर्व्हर बंद पडला आणि तो पूर्ववत होईपर्यंत सुमारे दोन तास गेले. ९९.९ टक्के म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद राहण्याची मुभा, तेव्हा करार मोडलेला नाही, हे आम्ही हिशेबाने दाखवले; त्यावर व्यवस्थापक शांतपणे म्हणाले, “तुमचे टक्के खरे असतील हो, पण आमचे वर्ष आजच संपते.” आमच्या आकड्यात ती तारीखच नव्हती.

प्रसंग लिहिताना ही पळवाट राहत नाही. प्रसंगाचे सहा भाग असतात: चालना कोठून आली, काय घडले, प्रणालीच्या कोणत्या भागावर घडले, त्या वेळी परिस्थिती कशी होती, प्रतिसाद काय अपेक्षित आहे आणि तो कशाने मोजायचा. यातील परिस्थितीचा रकाना मला सर्वांत मोलाचा वाटतो. पुढच्या आवृत्तीच्या वेळी आम्ही लिहिले, की वर्षअखेरीच्या संध्याकाळी सर्व शाखांचा भरणा चालू असताना मुख्य सर्व्हर बंद पडल्यास पर्यायी सर्व्हरने पाच मिनिटांत काम हाती घ्यावे आणि नोंदलेली एकही पावती हरवू नये. हे वाक्य वाचताच प्रथमच वाद झाला. व्यवस्थापकांच्या मते पाच मिनिटांची गरज नव्हती, तेवढ्यात एजंट चहा घेऊन येतील, पंधरा मिनिटेही चालतील. पावती मात्र हरवता कामा नये. या एका उत्तराने आर्किटेक्चर बदलले. आपोआप होणाऱ्या फेलओव्हरची, म्हणजे काम पर्यायी सर्व्हरकडे सोपवण्याची, खर्चिक योजना बाद होऊन पर्यायी सर्व्हर हाताने चालू करण्याचे ठरले, आणि रेप्लिकेशन सिंक्रोनस झाले, म्हणजे प्रत्येक नोंद दोन्ही सर्व्हरवर पोहोचल्यावरच पक्की होणार होती. त्यामुळे प्रत्येक नोंदीला किंचित जास्त वेळ लागणार होता, तोही लगेच चर्चेत आला आणि मान्य झाला. तक्त्यात उपलब्धता आणि वेग या दोन्हींपुढे ‘उच्च’ लिहून हीच ओढाताण झाकली गेली होती.

या पद्धतीचा त्रासही कमी नाही. जाणत्या माणसांचा निदान अर्धा दिवस मिळवावा लागतो, आणि लोक बहुधा त्यांना पूर्वी नडलेलेच प्रसंग सांगतात. आमच्या वहीत सर्व्हर बदलण्याचा एकही प्रसंग नव्हता, आणि प्रणाली ऑपरेटिंग सिस्टीमच्या एकाच जुन्या आवृत्तीला जखडली गेल्याचे फार उशिरा लक्षात आले. तक्त्यातील पोर्टेबिलिटीच्या ओळीने ते पहिल्याच दिवशी विचारले असते. सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटने मांडलेली एटीएएम ही आर्किटेक्चरच्या मूल्यमापनाची नऊ टप्प्यांची पद्धत मी पूर्ण कधीच राबवलेली नाही. लहान चमूला ती झेपेल असे वाटत नाही. तिच्यातला युटिलिटी ट्री, म्हणजे गुणांखाली प्रसंग मांडणारा वृक्ष, तेवढा मी उचलतो, कारण त्यात प्रत्येक प्रसंगाला महत्त्व आणि अवघडपणा अशी दोन स्वतंत्र मापे लावावी लागतात आणि सरसकट ‘उच्च’ लिहिणे जड जाते.

सरकारी निविदा असेल, किंवा प्रत्यक्ष वापरणारी माणसे बैठकीला मिळणारच नसतील, तर तक्ता घ्यावा. ती मिळणार असतील, तर माझ्या मते प्रसंगांपासून सुरुवात करणे बरे. सध्याच्या कामात मी तक्ता बैठकीच्या शेवटच्या अर्ध्या तासात काढतो, आणि ज्या ओळीसाठी एकही प्रसंग आलेला नाही तेवढीच मोठ्याने वाचतो.