माल्टाला गेलात तर पहिल्याच दिवशी फोर्ट सेंट एल्मोचं वॉर म्युझियम बघा

मे महिन्यात आम्ही दोघं आठ दिवस माल्टाला होतो. पहिल्या दिवशी एका टूरवाल्याची फुल डे ट्रिप घेतली (नाव देत नाही), अख्ख्या देशाचा इतिहास एका दिवसात असं सांगून घेतलेली, प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं आणि बसमधे माइकवरून नुसत्या सनावळ्या. रात्री जेवताना बायकोनं विचारलं की आधी अरब आले की नाइट्स (सेंट जॉनच्या पंथाचे ख्रिस्ती लढवय्ये), तर दोघांनाही धड सांगता येईना. पैसे वाया गेले त्यापेक्षा इतक्या सुंदर देशाचं काहीच हाती लागलं नाही याचं जास्त वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी राजधानी व्हॅलेटाच्या सिटी गेटपासून रिपब्लिक स्ट्रीट धरून सरळ टोकापर्यंत चालत गेलो, रस्ता संपतो तिथेच किल्ला. वॉर म्युझियम म्हटल्यावर आत बंदुका तोफाच असणार असं वाटतं पण तसं नाहीये, कांस्ययुगापासून सुरू होऊन २००४ ला माल्टा युरोपियन युनियनमधे गेला तिथपर्यंत एकामागून एक दालनं आहेत आणि क्रमानं फिरलं की सगळं आपोआप जुळत जातं. देश किती, तर ३१६ चौरस किलोमीटर. नदी नाही, खाणी नाहीत, आहे ते एक जबरदस्त खोल बंदर, आणि तेवढ्यासाठी फिनिशियन आले, कार्थेजवाले आले, इ.स.पू. २१८ मधे रोमन, ८७० मधे अरब, १०९१ मधे नॉर्मन, मग १५३० मधे सम्राट पाचव्या चार्ल्सनं वर्षाला एक ससाणा एवढ्या खंडणीवर बेट नाइट्सना देऊन टाकलं. १७९८ ला नेपोलियन, १८०० ला इंग्रज. इंग्रजांच्या काळात १८७८ मधे रशियाला धाक दाखवायला जवळजवळ सात हजार हिंदी सैनिक मुंबईहून बोटीनं इथे आणले होते, त्याच बंदरात ते उतरले असणार हे तटावर उभं राहिल्यावर सारखं डोक्यात येत होतं.

अरबांचं राज्य गेलं पण भाषा राहिली. माल्टीजमधे जगाला दिन्या म्हणतात, आपली दुनिया त्याच अरबी शब्दातून आलेली, फक्त लिहितात रोमन लिपीत.

१५६५ मधे तुर्कांनी नाइट्सना घातलेल्या वेढ्याचं दालन मात्र घाई न करता बघा, कारण ते जिथे घडलं तिथेच आपण उभे असतो. ऑटोमन (तुर्की) सैन्याचा हिशोब होता की हा छोटा किल्ला चार दिवसात पडेल, तो पडायला जवळपास महिना लागला, २३ जूनला पडला. जखमी सरदार उभं राहता येईना म्हणून खुर्च्या मागवून भिंतीच्या खिंडारात तलवार घेऊन बसले असं सांगतात. आत सेंट अ‍ॅनचं एक लहानसं चॅपल आहे, शेवटचे लोक तिथे मारले गेले, आम्ही आत गेलो तेव्हा दुसरं कोणीच नव्हतं आणि आम्हीही बराच वेळ काही बोललो नाही. तो महिना मिळाला म्हणून बंदरापलीकडचे किल्ले तगले आणि ८ सप्टेंबरला वेढा उठला. तो दिवस अजून राष्ट्रीय सुट्टीचा आहे. पुढच्याच वर्षी नाइट्सचा प्रमुख ला व्हॅलेटनं शहराचा पाया घातला, म्हणून व्हॅलेटा.

दुसऱ्या महायुद्धाच्या भागात काचेत जॉर्ज क्रॉस हे ब्रिटिश शौर्यपदक ठेवलंय, १५ एप्रिल १९४२ ला इंग्लंडच्या राजानं अख्ख्या बेटाला दिलेलं, माल्टाच्या झेंड्यावर कोपऱ्यात असतं ते हेच. प्रत्यक्षात इतकं छोटं आहे की मुठीत मावेल. त्या उन्हाळ्यात बेटावर लोक उपाशी मरायची वेळ आली होती, ऑगस्टमधे निघालेल्या चौदा मालवाहू जहाजांपैकी पाचच पोचली, शेवटचं ओहायो टँकर, बुडू नये म्हणून दोन विनाशिकांच्या मधे बांधून १५ ऑगस्टला आणलं. हे वाचून बाहेर तटावर या, बंदराचं तोंड समोरच दिसतं, ओहायो तिथूनच आत आलं. माझ्या डोळ्यात पाणी आलं खरंच.

१९६४ चं स्वातंत्र्य, १९७४ चं प्रजासत्ताक, ३१ मार्च १९७९ ला शेवटचं इंग्रज सैन्य गेलं हे सगळं त्यामानानं थोडक्यात आहे.

माझ्याकडून पाचपैकी पाच. दगडी मंदिरांच्या काळासाठी (शेजारच्या गोझो बेटावरचं जगांतिया मंदिर पिरॅमिडच्याही आधीचं आहे) रिपब्लिक स्ट्रीटवरचंच आर्किऑलॉजी म्युझियम करा, तिथली झोपलेल्या बाईची मूर्ती वीतभर पण नाही पण तिचा घागरा, डोक्याखालचा हात सगळं स्पष्ट दिसतं. आम्हाला एल्मोला साडेतीन तास लागले, एका दालनातून दुसऱ्यात जाताना उन्हातून चालावं लागतं त्यामुळे टोपी आणि पाणी घ्याच. हायपोजियम (जमिनीखाली कोरलेली प्राचीन दफनभूमी) बघायचं असेल तर तासाला दहाच लोक सोडतात, तिकीट काही महिने आधी ऑनलाइन काढा.