रत्नागिरीत एकच दिवस असेल तर

आईला घेऊन गेल्या महिन्यात रत्नागिरीला गेले होते. गणपतीपुळ्याला जाणारे बहुतेक लोक शहरात थांबतच नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सगळ्यात आधी थिबा राजवाडा बघा. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी 1885 साली पदच्युत केलं आणि पुढे इथे आणून ठेवलं. हा वाडा बांधून झाला 1910 मध्ये आणि 1916 मध्ये राजा इथेच वारला. वरच्या मजल्यावर अर्धवर्तुळाकार लाकडी खिडक्या आहेत. त्यांच्या कोरीवकामातून ऊन जमिनीवर उतरतं तेव्हा तिथून पाय निघत नाही. आई खिडकीशी बराच वेळ गप्प उभी होती. मग म्हणाली, "बिचाऱ्याला रोज समुद्र दिसायचा, पण घरी जायची सोय नव्हती." माहितीचे फलक आणखी हवे होते, मागची गोष्ट ठाऊक नसेल तर लोक पाच मिनिटांत बाहेर पडतात.

टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मघर छोटंसं आहे, अर्ध्या तासात बघून होतं.

रत्नदुर्ग मात्र उन्हं कलल्यावरच. तिन्ही बाजूंनी समुद्र, आत भगवतीचं देऊळ. तटावर वारा इतका, की आईने पदर कमरेला घट्ट खोचला. कडेला जपून चाला, मुलांचा हात सोडू नका. अंधार पडायच्या आत मांडवीच्या जेट्टीवर या. परतणाऱ्या होड्या तिथून छान दिसतात.